पूजेनिमित्त बंद

बर्फात झेंडूची पाकळी होती.

मी फ्रीजरचं दार उघडलं होतं ते फोटो काढायला. संशोधन-अनुदानाच्या अर्जात ‘उपलब्ध सुविधा’ असं एक कलम होतं, आणि आमचे विभागप्रमुख रिसबूड सर म्हणाले होते, नुसती यादी नको, फोटो जोड, वाचणाऱ्याला बरं वाटतं. शुक्रवार होता, सकाळचे साडेअकरा. संध्याकाळी पाच वाजता अर्जाची मुदत संपणार होती. बाकी अर्ज तयार होता. कुलसचिवांचा शिक्का आणि हे फोटो, एवढंच राहिलं होतं.

त्या फ्रीजरला आम्ही सगळे ‘उणे ऐंशी’ म्हणायचो. आतलं तापमान तेवढं असायचं म्हणून. इतक्या थंडीत आत पाणी साचत नाही, पिठासारखा भुरभुरीत पांढरा थर तेवढा जमतो. पण आज तळाच्या कप्प्यात बोटभर जाडीचा बर्फ होता, सपाट, आरपार दिसणारा. त्याच्या पोटात ती केशरी पाकळी आडवी पडली होती, आणि शेजारी कुंकवाचा एक लालसर ओघळ गोठला होता.

आधी मी फोटो काढला. हात सवयीने काम करतो तसं. मग तिथला नळ्यांचा एक डबा बाहेर ओढला; तळाचा हा कप्पा दसऱ्यानंतर मी उघडलाच नव्हता. झाकणांवरचे आकडे फुटले होते, शाई पसरली होती. कोरड्या नळीवरची शाई पसरत नाही. पाकळी बर्फाच्या आत जायची असेल तर आधी तिथे पाणी असावं लागतं. म्हणजे खंडेनवमीच्या पूजेच्या दिवशी हा फ्रीजर बंद होता, आणि एखाद-दोन तास नाही.

मी दार लावलं आणि तिथेच स्टुलावर बसले.

त्या नळ्यांत काय होतं ते सांगायला हवं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या गरोदर बायकांचं सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वर येतं ते पिवळसर पाणी. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात ज्यांचा रक्तदाब एकाएकी चढतो, झटके येतात, कधी आई जाते, कधी बाळ, त्या बायका चौथ्या महिन्यातच ओळखता येतील का, हा माझा प्रश्न होता. सीरममधलं एक प्रथिन त्यांच्यात आधीपासूनच वाढलेलं असावं असा माझा अंदाज. ज्यांचा दाब पुढे चढला अशा चाळीस जणींचे नमुने मी सप्टेंबरात तपासले. ज्या सुखरूप बाळंत झाल्या त्यांची यादी रुग्णालयाकडून उशिरा आली, म्हणून त्या चाळीस जणींचे नमुने दसऱ्यानंतर तपासले. आणि काय सांगू, असा देखणा आलेख आयुष्यात पाहिला नव्हता! पहिल्या चाळीस वर, दुसऱ्या चाळीस खाली, मधे रिकामी जागा. सरांनी तो चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला, आणि विभागात पेढे आणवले.

दोन्ही गट मिसळून तपासायचे असतात, हे मी दरवर्षी पहिल्या सत्रात मुलांना घसा फोडून शिकवते. स्वतःवर वेळ आली तेव्हा घाई केली. आता कळत होतं की त्या बायकांचं प्रथिन मुळात कमी नव्हतंच. तीन-चार दिवस उबेत पडून ते नासलं होतं. माझा देखणा आलेख म्हणजे बंद फ्रीजरचा आलेख होता.

अनुदानाची ही योजना नव्या प्राध्यापकांसाठी होती. नोकरीला पाच वर्षं व्हायच्या आत अर्ज करायचा, नाहीतर संधी गेली. माझी पाच वर्षं डिसेंबरात भरत होती. शिवाय माझी नेमणूक तात्पुरती. “प्रोजेक्ट आणा मॅडम, मग मुदतवाढीचं बघू,” असं वरून सांगून झालं होतं, आणि ‘बघू’चा अर्थ मला कळत होता. आजचा अर्ज गेला नाही, तर पुढच्या जूनमध्ये मी या प्रयोगशाळेत नसेन.

“म्याडम, च्या आनू का?”

दारात घोलपमामा उभे होते. आमचे प्रयोगशाळा परिचर. नाव लहानू, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळ्या विभागाचे मामा. निवृत्तीला सात महिने राहिलेले. कोपरगावकडचे, बोलणं तिकडचंच. त्या नळ्यांतला एकूण एक नमुना त्यांनी आणला होता. दर मंगळवारी एसटीने ग्रामीण रुग्णालयात जायचं आणि बर्फाची थर्माकोलची पेटी मांडीवर धरून यायचं. पेटी खाली ठेवत नसत, धक्क्याने झाकणं उघडतात म्हणून. मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनी ठरवलेलं.

“मामा, खंडेनवमीला उणे ऐंशी बंद केला होता?”

“व्हय,” ते म्हणाले. “पूजेला समदीच मशिनं बंद केली. एक दिस त्येंला बी इसावा नको का? शुक्रवारी केली, शनिवारी दसरा, मंग आईतवार, सोमवारी गांधी जयंती. मंगळवारी साडेआठलाच आलो आन् पैला तुमचा फ्रीजरच लावला.”

चार दिवस. गेल्या दसऱ्याला हा फ्रीजर विभागात नव्हताच, हिवाळ्यात आला. यंत्रांची पूजा करायची, त्यांना त्या दिवशी हात लावायचा नाही, बंद ठेवायची, ही आमच्याकडची जुनीच रीत. सेंट्रिफ्यूज, भट्टी, वजनकाटे एक दिवस बंद राहिल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

“आणि बंद केल्यावर तो ओरडला नाही?”

“वरडला की. मंग किल्ली फिरवून गप केला. तुमीच दाखवलं व्हतं, लाईट गेल्यावर कसा गप करायचा त्ये.” मग हळूच म्हणाले, “आत बी एक फूल ठिवलं व्हतं. पोरींचं रगात हाये त्यात.”

ते माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यांनी. माझा चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही, पण त्यांनी तोंड मिटलं आणि विचारलं, “काय झालं म्याडम?”

“काही नाही. चहा नको. तुम्ही जा.”

ते गेले. फ्रीजरच्या मुठीला सुतळीने एक वही बांधलेली असायची, तापमानाची. मामा सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचे आणि दर मंगळवारी मागच्या आठवड्याच्या नोंदींखाली मी सही करायचे. मी वही उघडली. खंडेनवमीच्या शुक्रवारची नोंद वाचली. ‘पूजेनिमित्त बंद.’ मामांचं गोल, सुटं सुटं अक्षर. त्याखालचंही वाचलं. मग सुतळी सोडली, वही पिशवीत टाकली आणि सरांच्या खोलीकडे निघाले.

रिसबूड सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. त्यांच्या विभागात सहा वर्षांत एकही प्रकल्प आलेला नव्हता आणि प्रत्येक बैठकीत त्यांना ते ऐकवलं जायचं. मी सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी टेबलावरची काच हाताने तीनदा पुसली.

“नमुने वितळले होते हे आणखी कोणाला माहिताय?”

“मला माहिताय, सर.”

“तुला सोडून विचारतोय.”

“मला सोडून चालणार नाही.”

हे वाक्य मी बोलले, आणि बोलताना मला माझा अभिमान वाटला. ते खोटं नव्हतं. तो आलेख मी पाठवणार नव्हते, हे स्टुलावर बसल्या बसल्याच ठरलं होतं.

सर म्हणाले, “ठीक. दुसरी चाळीस काढून टाक. पहिल्या चाळिसांवर अर्ज पाठव. पण निम्मेच का तपासले, हे विचारणारच. कारण लिहावं लागेल.”

“लिहीन. फ्रीजर बंद होता म्हणून.”

“बंद पडला, की बंद केला?” सर वकिलाच्या घरातले होते. “हे बघ शुभदा. बंद पडला लिहिलंस, तर यंत्र भरवशाचं नाही. आणि त्याच यंत्रावर तीन वर्षं काम करणार म्हणतेस. कोण पैसे देईल? बंद केला लिहिलंस, तर कोणी केला? तू केला असशील तर विषयच संपला. ज्या बाईला स्वतःचा फ्रीजर सांभाळता येत नाही तिला प्रकल्प नाही देत कोणी.”

“मी त्या दिवशी रजेवर होते. घरी अर्जच भरत बसले होते.”

“मग झालं तर. परिचराने कोणाला न विचारता बंद केला. आम्ही त्याच्यावर कारवाई केली, यंत्राला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असा नियम केला. तसं माझ्या सहीचं पत्र जोडू. हे कोणीही समजून घेईल.”

“मामांची सात महिन्यांची नोकरी राहिलीय, सर.”

“नोकरीला धक्का नाही लागत. मेमो मिळेल फार तर. दुसऱ्या विभागात टाकतील.” त्यांनी घड्याळ बघितलं. “पावणेएक वाजला. कुलसचिव साडेतीनला जातात. दुसरी काही वाट असेल तर सांग, मी ऐकतो.”

दुसरी वाट होती. ती माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. पिशवीचे बंद मी दोन्ही हातांनी इतके घट्ट धरले होते की बोटं दुखत होती. आलेख खोटा पाठवायचा नाही, एवढा धीर माझ्याकडे होता. त्याच्यापुढे एक पाऊलही टाकवेना.

सरांनी बेल दाबली.

मामा आले. नेहमीसारखे दाराशीच उभे राहिले, टोपी हातात.

“घोलप, खंडेनवमीला मॅडमचा फ्रीजर बंद केलात?”

“व्हय सायेब.”

“मॅडमच्या कामाचं काय झालं ठाऊक आहे? सगळे नमुने नासले. वर्षाचं काम गेलं.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आत्ता, तिथे कळत होतं. एखाद्या घरात मयत झाल्याचा निरोप मिळावा तसा त्यांचा चेहरा झाला.

“समदं?”

“सगळं. कोणाला विचारून बंद केलात?”

मामा माझ्याकडेच बघत होते. मी टेबलावरच्या काचेकडे बघत होते. काचेखाली सरांच्या नातीचा फोटो होता, दोन वेण्यांतला. तो फोटो मला अजून जसाच्या तसा आठवतो.

“तापमानाची वही आणा,” सर म्हणाले. “त्यात काहीतरी लिहिलं असेल ना? शुभदा, वही कुठंय?”

“सापडत नाही, सर,” मी म्हणाले.

माझा आवाज अगदी साधा आला. मलाच नवल वाटलं.

फ्रीजरच्या मुठीची सुतळी रिकामी लोंबकळते आहे, हे मामांनी इकडे येताना पाहिलंच असणार. त्यांच्या नजरेतून प्रयोगशाळेतलं काही सुटत नसे. त्यांची नजर माझ्या पिशवीवर आली आणि तिथून लगेच उठली.

“माझ्याच हातनं कुटं तरी पडली आसंल, सायेब,” ते म्हणाले. “आन् कोनाला इचारलं न्हाई म्या. दरसालचं हाये, म्हनून केलं.”

“हे लिहून द्याल?”

“दीन की.”

सरांनी जबाब लिहिला, मामांनी वाचला. ‘हितं का?’ असं विचारून त्यांनी खाली सही केली. सही करायला त्यांना वेळ लागायचा, प्रत्येक अक्षर वेगळं काढायचे. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी दिवाळीच्या सुट्टीसाठी गाडीवर बॅगा बांधत होतं.

अर्ज चार वाजून चाळीस मिनिटांनी गेला. ‘मर्यादा’ या कलमात मी लिहिलं, की दुसऱ्या गटाचे नमुने साठवणुकीतल्या त्रुटीमुळे वापरण्याजोगे राहिले नाहीत, परिचराने अनवधानाने यंत्र बंद केल्याचं अर्जदाराच्या स्वतःच्या लक्षात आलं, म्हणून अनुकूल दिसत असलेले निष्कर्ष अर्जातून वगळले आहेत. सोबत बर्फातल्या पाकळीचा फोटो जोडला. सर म्हणाले, फोटो झकास आहे, राहू दे.

प्रयोगशाळेत परतले तेव्हा मामा तळाचा बर्फ खरवडत होते. त्यांनी नळ्यांचे डबे दुसऱ्या कप्प्यात नीट लावून ठेवले होते, आकड्यांच्या क्रमाने. आता त्यांचा काही उपयोग नव्हता, तरीही.

“म्याडम, त्या पोरींचं रगात... काईच कामाचं न्हाई का ऱ्हायलं?”

“नाही मामा.”

“म्हंजी परत पयल्यापासनं मंगळवार.”

“हो.”

“जाईन की म्या. त्यात काय.” त्यांनी भांड्यात गोळा केलेला बर्फ बेसिनमध्ये ओतला. पाकळी जाळीला अडकली, ती त्यांनी चिमटीने उचलून खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकली. “तुमी आता घरी जावा. तोंड उतरलंय तुमचं.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, अर्ज जाऊन चुकला होता, सर घरी गेले होते. माफी मागायला काहीही आड येत नव्हतं. मी म्हणाले, “फ्रीजरला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे द्या. नियम झालाय आता.” त्यांनी लावलं, दिली.

दिवाळीनंतर त्यांची बदली झाली, परीक्षा विभागाच्या तळघरात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर. मंगळवारी एसटीने दुसरं कोणी जायला लागलं. तळघर माझ्या वाटेवरच होतं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा त्या जिन्यापर्यंत गेले. मग गाडी मागच्या फाटकाने आणायला लागले.

मार्चमध्ये प्रकल्प मंजूर झाला. परीक्षकांचे शेरे सोबत आले होते. एकाने लिहिलं होतं, प्राथमिक आकडेवारी अपुरी आहे, परंतु स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट स्वतः उघड करणारा अर्जदार या समितीला क्वचितच पाहायला मिळतो, या प्रामाणिकपणासाठी शिफारस. सरांनी तो शेरा मोठ्याने वाचला. पुन्हा पेढे आणवले.

मे महिन्यात मामांचा निरोप समारंभ झाला. मूळ विभाग आमचा, म्हणून भाषण मला करायला सांगितलं. मी केलं. चांगलं झालं म्हणाले सगळे. शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर मामा माझ्याजवळ आले. त्यांच्या टोपीवर उत्तरपत्रिकांची धूळ होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

“म्याडम, फ्रीजर चालू हाये ना?”

“चालू आहे, मामा.”

“मंग झालं तर,” ते म्हणाले, आणि फोटोसाठी उभ्या राहिलेल्या घोळक्याकडे गेले.

त्याला आठ वर्षं झाली. मी आता विभागप्रमुख आहे. पीएचडीच्या नव्या मुलांना संशोधनातल्या प्रामाणिकपणावर पहिलं व्याख्यान दरवर्षी मीच द्यायचं, असा रिवाज पडला आहे. पडद्यावर त्या पाकळीचा फोटो आला की वर्ग गप्प होतो. या जुलैत मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, त्या परिचरांचं पुढे काय झालं?”

“निवृत्त झाले,” मी म्हणाले, आणि पुढचं चित्र लावलं.

वही माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात. फेकायचं धाडस झालं नाही, तसंच कोणाला दाखवायचंही. अर्ज गेला त्या दिवशी घरी आल्यावर मी वही नीट वाचली. वाचायची गरज नव्हती. खंडेनवमीच्या शुक्रवारी सकाळी सव्वादहाला फोन आला होता तो मला स्टुलावर बसल्यापासून आठवत होता. मी अर्जातला चौथा रकाना भरत होते. कानाशी खांद्याने फोन धरला होता. मामा विचारत होते, आणि ते काय विचारताहेत हे ऐकूनही मी हो म्हणत होते, कारण मला फोन ठेवायचा होता.

‘पूजेनिमित्त बंद,’ असं त्या नोंदीत लिहिलं आहे. आणि त्याखाली, त्याच गोल, सुट्या अक्षरात: ‘नवा फ्रीजर पण बंद करू का म्हणून मॅडमला फोन लावून दोनदा विचारले. हो म्हणाल्या.’

त्याखाली पुढच्या मंगळवारची तारीख आणि माझी सही आहे.